वशिल्याचं तट्टू आणि पोपचा पुतण्या

‘नेपोटिझम’ला मराठीत काय म्हणायचं, असं विचारलं की तीन-चार उत्तरं एकदम येतात. वशिलेबाजी, घराणेशाही, भाई-भतीजावाद; आणि कुणीतरी घाईघाईत ‘भाऊबंदकी’ही म्हणून टाकतं. हे शेवटचं तर साफ उलटं आहे. भाऊबंदकी म्हणजे बांधावरून, वाटणीवरून भावाभावांत, चुलत्या-पुतण्यांत लागलेलं भांडण. नेपोटिझममध्ये नातेवाईक एकमेकांची सोय लावतात, भाऊबंदकीत एकमेकांवर दावे ठोकतात. बाकीचे शब्द इतके उलटे नाहीत, पण एकाच्या जागी दुसरा ठेवला की अर्थ सरकतो, आणि ज्याच्यावर बोट ठेवायचं तो माणूसच बदलतो.

आधी मूळ शब्द. लॅटिनमध्ये ‘नेपोस’ म्हणजे नातू, आणि पुतण्या किंवा भाचाही. आपण पुतण्या आणि भाचा वेगळे ठेवतो, इंग्रजीत दोघांना एकच शब्द. लॅटिनने त्यात नातूही घातला. ‘नेपोस’चा संस्कृतमधला सख्खा भाऊबंद म्हणजे ‘नप्तृ’, आणि त्यावरूनच मराठी ‘नातू’ आला. म्हणजे नेपोटिझममधला ‘नेपो’ आणि आपला नातू एकाच मुळाचे. ‘नातं’ मात्र त्या कुळातलं नाही. तो ‘ज्ञाति’च्या घरचा शब्द, दिसायला जवळचा पण वेगळा.

शब्द रूढ झाला तो रोममध्ये, पोपच्या दरबारात. पोप ब्रह्मचारी, त्यामुळे गादीला औरस वारस नाही. मग विश्वासाचं माणूस म्हणून पुतण्या-भाच्यांना कार्डिनल, म्हणजे पोपखालोखालचे धर्माधिकारी, करायचं, जमिनी आणि उत्पन्नं द्यायची, अशी रीत पडली. तिसरे कॅलिक्स्टस यांनी १४५६ मध्ये दोन भाच्यांना कार्डिनल केलं. त्यातला रॉड्रिगो बोर्जिया पुढे १४९२ मध्ये स्वतःच पोप झाला. तिसरे पॉल यांनी १५३४ मध्ये गादीवर आल्या आल्या दोन नातवांना कार्डिनलची लाल टोपी दिली, एक १४ वर्षांचा, दुसरा १६ वर्षांचा. धर्मगुरूपद घेण्याआधीच्या आयुष्यातली मुलंबाळं त्यांनी लपवली नव्हती. हे शतकानुशतकं चाललं. शेवटी बाराव्या इनोसंट यांनी १६९२ मध्ये फर्मान काढलं की पोपने नातलगांना जमिनी, पदं, उत्पन्नं देऊ नयेत, आणि कार्डिनल करायचंच तर लायक असलेल्या एकाच नातलगाला करावं. ‘एकाच’ ही सवलत ठेवावी लागली, यावरून रोग किती मुरलेला होता ते कळतं.

या गोष्टीत शब्दाचा सगळा अर्थ आहे. चर्चची जमीन पोपच्या वडिलांची नव्हती, ती सांभाळायला दिलेली होती. दुसऱ्यांच्या वतीने काही देण्याचा अधिकार हातात असताना नातं बघून ते आपल्या माणसाला देणं म्हणजे नेपोटिझम. देणारा अधिकारी, घेणारा नातलग, वाटलं जातंय ते तिसऱ्याचं. यातलं एक जरी नसलं तरी तो शब्द लागू पडत नाही. किराणा दुकानदाराने गल्ल्यावर मुलाला बसवलं तर तो नेपोटिझम नाही. दुकान त्याचं, नफा-तोटाही त्याचाच. तेच दुकान ग्राहक भांडाराचं असेल आणि बसवणारा त्याचा व्यवस्थापक असेल, तर मात्र आहे.

वशिल्याची रचनाच वेगळी. अरबी ‘वसीला’ म्हणजे साधन, माध्यम, कुणापर्यंत पोचण्याची वाट. तो फारसीतून मराठीत आला आणि ‘स’चा ‘श’ झाला. माध्यम हा अर्थ आजही शाबूत आहे. वशिल्याला तीन माणसं लागतात: मागणारा, देणारा आणि मधला. ‘वशिला लावला’ म्हणजे मधला गाठला. तो नातलग असेल, गावचा पुढारी असेल, साहेबांचा पी.ए. असेल, नाहीतर साहेब ज्यांच्याकडे गणपतीला जेवायला जातात ते शेजारी असतील. नेपोटिझमला दोघे पुरतात. मामाच साहेब असेल तर वशिला लावावा लागत नाही. म्हणून ‘मामाच्या वशिल्याने लागला’ असं कानावर आलं तर मामा खुर्चीत होता की खुर्चीवाल्याला फोन करणारा होता, हे विचारायला हवं. पहिल्या बाबतीत दोष मामाचा, दुसऱ्यात फोन ऐकणाऱ्याचाही.

वशिल्याने आत आलेल्याला आपण ‘वशिल्याचं तट्टू’ म्हणतो. तट्टू म्हणजे लहान चणीचं, ओझ्याचं घोडं. शर्यतीत उतरवलं तर धावणार नाही, पण मालक वजनदार आहे. शब्द घेणाऱ्याला हिणवतो आणि देणाऱ्याला मोकळं सोडतो, ही त्याची खोड. अलीकडच्या ‘नेपो किड’मध्येही तीच खोड आहे. हिंदी सिनेमाच्या संदर्भात ‘नेपोटिझम’ घरोघरी पोचला तो २०१७ मध्ये, कंगना रनौतने करण जोहरला त्याच्याच कार्यक्रमात तोंडावर तसं म्हटल्यावर. पुढे ‘नेपो किड’ आला. सप्टेंबर २०२५ मध्ये नेपाळमध्ये सरकार पडलं त्या आंदोलनात पुढाऱ्यांच्या मुलांच्या चैनीचे व्हिडिओ याच शब्दाखाली फिरत होते. पोरगं दिसतं, त्याचे फोटो मिळतात, म्हणून शिव्या त्याला. सही करणारा हात फोटोत नसतो.

मराठीची शब्द जोडायची सवय इथे फार उपयोगी पडते. ‘शाही’ लागली की राज्यव्यवस्था: आदिलशाही, लोकशाही, नोकरशाही, घराणेशाही. ‘बाजी’ लागली की पुन्हा पुन्हा केलेला उद्योग: वशिलेबाजी, गटबाजी, कंपूबाजी. ‘गिरी’ लागली की एखाद्याचा पेशा किंवा वागणं: चमचेगिरी, हुजरेगिरी. म्हणजे घराणेशाही ही व्यवस्था झाली, वशिलेबाजी ही करणी आणि हुजरेगिरी ही खालच्या माणसाने पत्करलेली तऱ्हा. एका कार्यालयात तिन्ही एकदम नांदू शकतात, आणि तरी तिन्हींचे गुन्हेगार वेगळे.

घराणेशाहीबाबत गोंधळ सगळ्यात जास्त. पेशवाईचंच बघा. अष्टप्रधानांतलं हे पद मुळात वंशपरंपरेचं नव्हतं. शाहू छत्रपतींनी १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथ भटांना पेशवा केलं, ते १७२० मध्ये वारले, आणि शाहूंनी त्यांच्या १९ वर्षांच्या मुलाला, बाजीरावाला वस्त्रं दिली. हा नेपोटिझम का? नाही. देणारे शाहू, घेणारा बाजीराव, दोघांत नातं नाही. पण १७४० मध्ये बाजीरावानंतर त्याचा मुलगा पेशवा झाला आणि पद भट घराण्यातच राहिलं, तेव्हा ती घराणेशाही झाली. घराणेशाहीला पक्षपाती मामा लागत नाही. दुसऱ्या कुणाचा विचारच होत नाही, एवढं पुरतं. लोकांनी मतं देऊन आमदाराच्या मुलीला निवडून आणलं, तर त्याला घराणेशाही म्हणता येईल, नेपोटिझम म्हणता येणार नाही. मात्र तिचं तिकीट वडील अध्यक्ष असलेल्या पक्षसमितीने दिलं असेल, तर तिकिटापुरता तो नेपोटिझम आहे.

आणि याच पेशवाईत पुतण्याचं काय झालं तेही आठवावं. १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणराव ‘काका, मला वाचवा’ म्हणत धावला, ही आठवण महाराष्ट्र विसरलेला नाही. रोममध्ये पुतण्याला लाल टोपी मिळत होती, पुण्यात गारदी. ‘भतीजावाद’ हा हिंदी शब्द मराठीत परका वाटतो त्याचं कारण कदाचित हेच असेल. आपल्याकडे काका-पुतण्या म्हटलं की आधी कलहच आठवतो.

‘घराणं’ हा शब्द एरवी बिचारा निर्दोष आहे. ‘घराणेदार गायकी’ ही दादच असते. जयपूर-अत्रौलीची गायकी अल्लादियाखाँसाहेबांच्या मुलांकडे गेली, तशी गोव्याच्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्याकडेही गेली, आणि त्या काही खाँसाहेबांच्या नात्यातल्या नव्हत्या. मोगूबाईंची विद्या त्यांची मुलगी किशोरी आमोणकर यांच्याकडे आली. तिथे देण्याचं होतं ते मोगूबाईंचं स्वतःचं होतं, आणि मैफलीत सूर लागला नसता तर आईच्या नावाने तो लागला नसता.

आता एक जागा जवळून बघू. समजा, तालुक्याच्या गावात एक पतसंस्था आहे, लिपिकाची एक जागा निघाली आहे आणि अर्ज ४० आले आहेत. अध्यक्षांचा भाचा बी.कॉम. आहे, मराठी टायपिंग ३० आणि एमएस-सीआयटी झालेलं आहे, म्हणजे पात्र आहे. अध्यक्ष मुलाखतीला बसले आणि भाच्याला घेतलं, तर तो शुद्ध नेपोटिझम. ‘सग्यासोयऱ्याची वर्णी लावली’ हे त्याचं नेमकं मराठी. भाचा पात्र होता हे उत्तर पुरत नाही, कारण बाकीचे ३९ जणही पात्र असू शकतात आणि त्यांच्या बाजूने टेबलापलीकडे कुणी बसलेलं नव्हतं. अध्यक्ष त्या वेळेपुरते बाहेर जाऊन उभे राहिले, पण मुलाखत घेणाऱ्या व्यवस्थापकाची बढती त्यांच्याच हातात असेल, तर बाहेर जाण्याला फार अर्थ नाही. भाच्यासाठी दुसऱ्याच कुणी संचालकाने शब्द टाकला, तर तो वशिला. अध्यक्षांनी भाच्याला शेजारच्या तालुक्यातल्या पतसंस्थेत चिकटवलं आणि तिथल्या अध्यक्षांची सून इकडे घेतली, तर कागदावर कुठेच नातं दिसत नाही, हे साटंलोटं. निवडणुकीत रात्रभर पोस्टर चिकटवणाऱ्या पोऱ्याला जागा मिळाली, तर नातं नाहीच, तो बगलबच्चा. आणि बाहेरच्या परीक्षकांनी नाव न दिसणारे पेपर तपासले आणि भाचा पहिला आला, तर यातलं काहीच नाही. चहाच्या टपरीवर कुजबुज होणारच, पण कुजबुज म्हणजे पुरावा नव्हे.

साटंलोटं हा शब्द मला या सगळ्यांत सरस वाटतो. मुळात ती लग्नाची रीत: तुमची मुलगी आमच्या मुलाला, आमची तुमच्या मुलाला. देवघेवीचा हिशेब तिथल्या तिथे मिटतो. सत्तेतल्या अशाच अदलाबदलीला तो अगदी फिट्ट बसतो, आणि पकडायला सर्वांत अवघड प्रकारही हाच, कारण कुठल्याही एका कार्यालयाची फाइल उघडली तरी अर्धीच गोष्ट सापडते.

दोस्तांच्या सोयीला ‘कंपूशाही’ आहे, पण ‘क्रोनी कॅपिटॅलिझम’साठी वर्तमानपत्रांत रुळलेली ‘कुडमुडी भांडवलशाही’ मला पटत नाही. कुडमुडं म्हणजे अर्धंकच्चं, कुडमुड्या जोश्यासारखं. त्यातून भांडवलशाही कच्ची आहे हे कळतं, यारदोस्तांना कंत्राटं मिळतात हे कळत नाही. ‘साटेलोट्याची भांडवलशाही’ लांब आहे, पण काय चाललंय ते सांगते.

काही गोष्टी नात्यावरूनच मिळतात आणि तरीही नेपोटिझम नसतात. अनुकंपा नियुक्ती ही त्यातली पहिली. कर्मचारी सेवेत असताना वारला, तर वारसाला खालच्या गटातल्या पदावर घेतात. नियम जाहीर असतो, प्रतीक्षायादी असते, आणि देणारा मृताचा नातलग नसतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये स्पष्ट केलं की हा वारसाहक्क नव्हे, अचानक कोसळलेल्या कुटुंबाला सावरण्यापुरती ही सोय आहे. बिघडतं कुठे? यादीतला क्रम सरकवला की. तिथे मग वशिल्याला दार उघडं. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार महाराष्ट्रात सफाई कामगाराच्या वारसाला मिळणारी नोकरीही अशीच. झाडू पिढ्यान्‌पिढ्या त्याच वस्त्यांच्या हातात राहिला आणि दुसरं कुणी तो मागायला आलं नाही. त्याला कुणी घराणेशाही म्हणालं तर शब्दाची चेष्टा होईल.

वतनाचं उलट. पाटीलकी, कुलकर्णीपण ही कायद्यानेच वंशात चालणारी पदं होती. मुंबई राज्यात कुलकर्णी वतनं १९५० च्या कायद्याने गेली. राज्यघटनेच्या कलम १६(२) मध्ये सरकारी नोकरीत भेदभाव करायला मनाई असलेल्या कारणांत ‘कूळ’ हाही शब्द आहे, आणि तो शोभेला नाही. मद्रासच्या १८९५ च्या कायद्यात गावकामगाराचं पद शेवटच्या पदधारकाच्या घराण्यातूनच भरायची तरतूद होती. आंध्रातून आलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये ती याच शब्दावर रद्द केली.

‘नातलग’ म्हणजे कोण, हे मात्र प्रत्येक कायदा आपल्यापुरतं ठरवतो, आणि इथे गंमत आहे. कंपनी कायदा २०१३ आणि त्याखालच्या नियमांत नवरा-बायको, आई-वडील, मुलगा-सून, मुलगी-जावई, भाऊ, बहीण आणि एकाच हिंदू अविभक्त कुटुंबाचे सदस्य एवढेच नातलग. पुतण्या, भाचा, नातू एरवी यादीत नाहीत. ज्यांच्यावरून शब्द निघाला तेच बाहेर! यादीतल्या नातलगाला कंपनीत महिना अडीच लाख रुपयांहून जास्त पगाराची जागा द्यायची तर भागधारकांचा ठराव लागतो; भाच्याला याच कलमाची अडचण सहसा येत नाही. उलट वकिलांचे नियम बघा. न्यायाधीश नात्यातला असेल तर त्याच्यासमोर उभं राहायचं नाही, आणि त्या यादीत आजोबा, नातू, काका, पुतण्या, चुलत-मावस भावंडं, मेहुणे, सासू-सासरे, सगळा गोतावळा आहे. तरीही २००९ मध्ये विधी आयोगाच्या २३० व्या अहवालात ‘अंकल जज’ या तक्रारीची दखल घ्यावी लागली, कारण भाचा मामासमोर उभा राहत नाही, पण त्याच इमारतीत शेजारच्या दालनात मामाच्या सहकाऱ्यासमोर उभा राहू शकतो. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांतला नियम ४ म्हणतो की पदाचा प्रभाव वापरून कुटुंबीयाला कुठल्या कंपनीत लावू नये, आणि कुटुंबीय जिथे नोकरीला आहे त्या कंपनीचं काम स्वतः हाताळू नये, वरिष्ठांकडे सोपवावं. पण त्यातलं ‘कुटुंब’ म्हणजे जोडीदार, आणि पूर्णपणे अवलंबून असलेली मुलं व नातलग. कमावता भाचा इथेही निसटतो.

निवडीत गडबड होते ती ठरलेल्या जागी. पहिली जागा मुलाखतीचे गुण. हरियाणाच्या एका निवडीत सर्वसाधारण उमेदवारांसाठी तोंडी परीक्षेचा वाटा २२.२ टक्के होता. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये तो जास्त ठरवून १२.२ टक्क्यांवर आणायला सांगितलं. त्याच निकालात म्हटलं की लोकसेवा आयोगाच्या सदस्याचा जवळचा नातलग उमेदवार असेल, तर सदस्याने त्या मुलाखतीला बसू नये आणि त्याच्या गुणांच्या चर्चेतही पडू नये. उठून जाणं नेहमी पुरतं असंही नाही. १९६९ च्या वनसेवेच्या प्रकरणात निवड मंडळाचा एक सदस्य स्वतःच उमेदवार होता. त्याचं नाव आलं तेव्हा तो बाहेर गेला, पण प्रतिस्पर्ध्यांची नावं आली तेव्हा आतच होता. निवड रद्द झाली. केंद्राने १ जानेवारी २०१६ पासून गट ‘क’ आणि अराजपत्रित गट ‘ब’ पदांच्या मुलाखतीच बंद केल्या, त्यामागे हाच अनुभव.

दुसरी जागा जाहिरात. पात्रता एखाद्याच्या मापाने शिवलेली असते: अमुक सॉफ्टवेअरवर तीन वर्षं, अमुक योजनेचा अनुभव, मुदत सात दिवस. तिसरी जागा मागचं दार. आधी रोजंदारीवर घ्यायचं, वर्ष-दोन वर्षं काढायची, मग ‘नियमित करा’ म्हणून अर्ज. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने असं नियमित होणं हक्क नाही असं ठरवलं, तेव्हापासून ही वाट अरुंद झाली आहे, बुजलेली नाही.

तक्रार करायची असेल तर ‘वशिलेबाजी झाली’ हे वाक्य कागदावर निरुपयोगी आहे, आणि नाव घेऊन व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं तर बदनामीच्या खटल्याला निमंत्रण. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ त्यासाठीच आहे. पैशाची देवघेव दिसत नसेल तर ‘लाच’ हा शब्दही टाळावा. नात्याखातर केलेली नेमणूक आपोआप लाच ठरत नाही. लिहायचं ते असं: पद कोणतं, जाहिरातीची तारीख, निवड समितीत कोण होतं, निवडलेल्याचं कुणाशी काय नातं, आणि त्या सदस्याने बैठकीतून अंग काढून घेतल्याची इतिवृत्तात नोंद आहे का. महाराष्ट्रात माहिती अधिकाराचा अर्ज १५० शब्दांत, एकाच विषयावर, १० रुपये शुल्क भरून करायचा असतो. समितीच्या सदस्यांची नावं, गुणदानाचे निकष, गुणतक्ता आणि बैठकीचं इतिवृत्त, एवढंच मागावं. उमेदवाराचा पत्ता, जन्मतारीख, घरची माहिती मागितली की खासगी बाब म्हणून नकार येतो, आणि त्या नकारात कामाचा कागदही अडकतो. उत्तराची मुदत ३० दिवस. नाही आलं तर प्रथम अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे करायचं. फक्त तो कुणाचा मामा लागतो ते आधी बघून ठेवावं.